कॉम्प्युटरच्या मते रिकामी खोली

"मॅडम, लाइट गेली. एसी पण बंद होऊन राहिला."

फोन मीच उचलला होता. कुठून बोलताय, विचारलं. नकाशा सेक्शन, दुसरा मजला. मी समोरच्या स्क्रीनवर दुसरा मजला उघडला. नकाशा सेक्शनची खोली करड्या रंगात दिसत होती. आमच्याकडे करडी म्हणजे रिकामी. आत कोणी नाही, म्हणून दिवे बंद, एसी बंद, सगळं ठरल्याप्रमाणे.

"अहो, पण खोली तर रिकामी आहे," मी म्हटलं.

पलीकडचा माणूस हसला. "रिकामी कशी मॅडम? मी हाव ना इथं."

मला वाटलं, जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी चेष्टा करतंय. बिल्डिंग नवी होती आणि लोकांना तिची चेष्टा करायला फार आवडायचं. दरवाजा स्वतः उघडतो म्हणून नमस्कार करायचे, लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाला उलट उत्तरं द्यायचे. तरी मी उठले आणि वर गेले, कारण मे महिना होता, आणि नागपुरात मे महिन्यात एसीची चेष्टा कोणी करत नाही.

मी बीएमएसची इंजिनियर आहे. बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. दिवे, एसी, पंप, पडदे, ताजी हवा ओढणारे पंखे, सगळ्यांच्या तारा एका कॉम्प्युटरला येऊन मिळतात आणि कोणी कधी चालायचं ते तो ठरवतो. कंपनीवाले त्याला बिल्डिंगचा मेंदू म्हणतात. मी हेडक्लार्क म्हणते. नियम सांगितला की तो इमानदारीनं पाळणार, आणि स्वतःचं डोकं अजिबात लावणार नाही. ही बिल्डिंग एका निमसरकारी कार्यालयाची होती. नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. आमच्या कंपनीनं तिथं सिस्टिम बसवली आणि पहिलं वर्षभर ती सांभाळायला मला बसवलं. घर मनीषनगरला, ऑफिस तासाभराच्या अंतरावर, पगार वेळेवर. मी खूश होते.

खोलीचं दार ढकललं आणि दिवे लागले. मी आले म्हणून लागले. समोर काचेच्या भिंतीला लागून एक उंच पाठीची व्हीलचेअर होती आणि तिच्यात चाळिशीतला एक माणूस. गळ्याभोवती ओला दुपट्टा गुंडाळलेला.

"पाहा," तो म्हणाला, "तुम्ही आल्या आन् उजेड पडला."

हे मनोहरभाऊ. एकेकाळी गावोगाव फिरून जमिनीची मोजणी करायचे. उमरेड रोडवर मोटरसायकलला डुक्कर आडवं आलं आणि मान मोडली. मानेखालचं सगळं गेलं, उजवा हात तेवढा कोपरापासून थोडा हलायचा. तळहाताला पट्ट्यानं एक काडी बांधलेली असे, तिनं ते की-बोर्डची बटणं दाबत. बाकीचं तोंडी सांगत आणि कॉम्प्युटर लिहून घेई. मोबाइलही तसाच, नुसत्या आवाजावर. जुने गावनकाशे कॉम्प्युटरवर चढवले की हद्दी बरोबर जुळतात का, ते तपासणं हे त्यांचं काम. आणि काम पक्कं होतं. उगीच दयेखातर ठेवलेला माणूस नव्हता तो.

मी त्यांना छत दाखवलं. तिथं पालथ्या वाटीसारखा एक पांढरा सेन्सर होता. म्हटलं, भाऊ, हा माणूस पाहत नाही. हा हालणारी ऊब पाहतो. कोणी चाललं, हात हलवला, खुर्ची मागे सरकवली की याला कळतं. काही वेळ काहीच हललं नाही की हा समजतो, गेले सगळे. मग आधी दिवे घालवतो आणि नंतर एसी झोपवतो. झोपवतो म्हणजे खोलीला बत्तीस अंशांपर्यंत तापू देतो, तोवर बोटही हलवत नाही. आमच्या भाषेत सेटबॅक. वीज वाचते ती इथंच.

"म्हणजे याच्या लेखी मी माणूस नाही."

"तसं नाही हो. तुम्ही एवढंसंच हलता, ते याला कळत नाही."

"तेच तं म्हणून राहिलो," ते म्हणाले. "मान हलवली. डोळे वटारले. शिव्या देऊन पाहिल्या. भैताडाले काहीच फरक पडत नाही."

आम्ही दोघंही हसलो. खरं सांगते, त्या वेळी मला ती गंमतच वाटली होती.

मग ते म्हणाले, अंधाराचं काही नाही, स्क्रीनचा उजेड पुरतो. पण मॅडम, मले घाम येत नाही. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, एखाद्या शाळेच्या मास्तरसारखं. पाठीचा कणा वरच्या बाजूला तुटला की शरीराला घाम काढायचा हुकूम पोचत नाही. बाहेर जेवढं तापलं तेवढं आत तापतं. तुम्हाआम्हाला बत्तीस अंशांत नुसती चिडचिड होते. त्यांना ताप चढतो, डोकं भणभणतं, आणि जास्त झालं तर जिवावर बेततं. दुपट्टा ओला ठेवायचा तो त्यासाठी. सकाळी बायको ओला करून द्यायची. दुपारपर्यंत वाळून पापड व्हायचा.

मी विचारलं, मग जुन्या ऑफिसात कसं चालायचं? तिथं तर एसीच नव्हता.

"कूलर होता ना," ते म्हणाले. आणि त्या कूलरचं वर्णन त्यांनी असं केलं की नातेवाइकाचं करावं. खिडकीत बसवलेला मोठा पत्र्याचा कूलर, वाळ्याच्या ताट्या, आणि त्याच्या अगदी तोंडाशी त्यांचं टेबल. त्याला सारखं पाणी लागायचं. पंप अडकला की थोपटावं लागायचं. ताटी सुकली की पुढे येऊन मगानं पाणी मारावं लागायचं. त्यामुळे सेक्शनमधलं कोणी ना कोणी बादली घेऊन त्यांच्या टेबलाशी यायचंच. आलं की दुपट्ट्यावरही पाणी मारायचं, चार गोष्टी करायचं, नाकावरचा चष्मा वर सरकवून द्यायचं. जेवणाचे डबेही तिथंच उघडायचे, कारण नकाशांचं टेबल सगळ्यांत मोठं. शेजारी बसणारे ठवरे स्वतः एक घास खायचे आणि एक घास मनोहरभाऊंना भरवायचे. कोणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

नव्या बिल्डिंगमध्ये टेबलावर खायला बंदी होती. त्याचं कारणही आमचीच सिस्टिम. हवेचा वास घेणारे सेन्सर आहेत. कोणी वांग्याची भाजी उघडली की त्यांना वाटतं हवा खराब झाली, मग ते बाहेरची तापलेली हवा आत ओढतात, ती थंड करायला वीज जाते. म्हणून जेवण फक्त सर्वांत वरच्या मजल्यावरच्या कॅफेटेरियात. लिफ्ट होती, रॅम्प होता, मनोहरभाऊ जाऊ शकत होते. पहिल्या आठवड्यात गेलेही.

"तिथं सारे बघतात," ते म्हणाले. "ठवरे घास देते, अन् पलीकडच्या टेबलावरचे लोक खाणं थांबवून पाहतात. आपल्या माणसांत खाणं वेगळं, ताई." मॅडमची ताई कधी झाली ते मला कळलं नाही.

मग त्यांनी दुपारचं जेवणच सोडलं होतं. बायकोला सांगितलं, सकाळी पोटभर देत जा. सेक्शनमध्ये सांगितलं, दुपारी मले भूक नसते. सगळे वर जेवायला गेले की खोलीत ते एकटे. काही वेळानं दिवे जात आणि ते अंधारात बसून राहत, कोणी परत येईपर्यंत. किती दिवस चाललंय हे, मी विचारलं. ते म्हणाले, इथं आलो तेव्हापासून. आज गरमी लई झाली म्हणून फोन केला, नाहीतर करत नव्हतो.

मला संताप आला. कोणावर, ते त्या वेळी नीट कळलं नाही. पहिला राग तर त्यांच्यावरच आला. अहो, बोलायचं ना! ते म्हणाले, बोललो की म्हणतीन, याच्या एकट्यासाठी बिल्डिंग बदलायची का?

मी त्याच दिवशी चीफ साहेबांकडे गेले. चीफ साहेब म्हणजे त्या कार्यालयाचे मुख्य अभियंता, बिल्डिंग त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली होती. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. रॅम्पचा उतार त्यांनी स्वतः उभं राहून मोजून घेतला होता. व्हीलचेअर वळेल असं टॉयलेट, लिफ्टमध्ये बोटांनी वाचायची ब्रेल अक्षरं, सगळं त्यांनी आग्रहानं करवून घेतलं होतं. मी खोलीचं सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला, आणि लगेच चिडलेही.

"रॅम्प दिला, टॉयलेट दिलं. अजून काय करायचं राहिलं?"

"साहेब, ते आत येण्यासाठी झालं. आत आल्यावर बसण्यासाठी काही नाही."

मी दोन उपाय सांगितले. एक, त्या खोलीत वेगळा सेन्सर, जो श्वासानं छाती वरखाली होते तेवढंही पकडतो. दुसरा, त्यांच्या आवाजावर चालेल असं एक बटण, 'मी इथे आहे' सांगणारं. साहेबांनी पुण्याच्या कन्सल्टंटला फोन लावला. त्या महिन्यात बिल्डिंगची परीक्षा होती. तपासणीची टीम येऊन पाहणार, वीज किती वाचते ते पडताळणार, आणि मग हिरव्या इमारतीचा सर्वांत वरचा दर्जा मिळणार की नाही ते ठरणार. कन्सल्टंट म्हणाला, तपासणी होईपर्यंत एक स्क्रूसुद्धा बदलू नका, सगळी मापं पुन्हा द्यावी लागतील. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, थोडे दिवस. तपासणी झाली की पहिलं काम हेच.

तोवर मी माझ्या हातात होतं ते केलं. सिस्टिममध्ये ओव्हरराइड असतो. म्हणजे हेडक्लार्कला बाजूला सारून माणसानं हुकूम द्यायचा, ही खोली चालूच ठेव. पण आमच्या सिस्टिममध्ये रोज पहाटे सगळे ओव्हरराइड आपोआप पुसले जायचे, कोणी विसरून एसी चालू ठेवू नये म्हणून. तेव्हा रोज सकाळी आल्याआल्या पहिलं काम, चहाच्याही आधी, नकाशा सेक्शनचा ओव्हरराइड. मग मनोहरभाऊंना फोन. "भाऊ, तुम्ही आहात बरं का." ते म्हणायचे, "बरं झालं सांगितलं बाप्पा, मले शंकाच होती." आमचा हा रोजचा खेळ झाला होता. दुपारी कधी मी माझा डबा तिथं नेऊन बसायचे. खायचे नाही, नियम होता. नुसती बसायचे.

सेक्शनमध्ये सगळ्यांना कळलं होतं की मॅडमनं मनोहरभाऊचं काम केलं, आता लाइट जात नाही. सगळे निर्धास्त झाले. जुना कूलर असता तर कोणी निर्धास्त झालं नसतं, त्याला दर थोड्या वेळानं पाणी दाखवावंच लागायचं. नव्या एसीला काही दाखवावं लागत नव्हतं. म्हणून त्या टेबलाकडे जायचं कारणच कोणाला उरलं नव्हतं.

तपासणीचा दिवस आला. आणि नेमका त्याच दिवशी नकाशा सेक्शनचा आमरस ठरला होता. मे महिन्यात एकदा सगळ्यांनी मिळून रस-पोळी खायची, ही त्या सेक्शनची जुनी रीत. कोणी आंबे आणायचं, कोणी पोळ्या, कोणी कुरडया. दरवर्षी ते व्हायचं मनोहरभाऊंच्या टेबलावर, आणि खुर्ची त्यांची मध्यभागी. यंदा अर्थातच वर कॅफेटेरियात. सगळ्यांनी त्यांना चला म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही जा, माझी वाटी इथं आणा गुपचूप, तुमचा साहेब काही फाशी देत नाही. ठवरे म्हणाले, आणतो.

सकाळी मी ओव्हरराइड टाकला, नेहमीसारखा फोनही केला. त्यानंतर मला खाली लॉबीत बोलावलं. तिथं भिंतीएवढ्या स्क्रीनवर अख्खी बिल्डिंग दाखवायची होती आणि मला बाजूला उभं राहून प्रश्नांना उत्तरं द्यायची होती. कन्सल्टंटनं दाखवण्यासाठी रंग बदलून घेतले होते. रिकाम्या खोलीचा करडा रंग बरा दिसत नाही म्हणे. त्याऐवजी हिरवा. जितकी वीज वाचते तितकी खोली गडद हिरवी.

ओव्हरराइड असलेल्या खोल्या लाल दिसत होत्या. लाल म्हणजे कोणीतरी नियम मोडतंय. पाहुण्यांपुढे लाल नको, म्हणून कन्सल्टंटच्या माणसानं सगळे ओव्हरराइड एका बटणात काढून टाकले. मला कोणी विचारलं नाही, कळलं तेही नंतर. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं की त्या लाल चौकोनात कोण बसतं.

जेवणाच्या वेळेआधी मी लॉबीतून नकाशा सेक्शनची माणसं पाहिली, हातात पातेली, पिशव्या, हसतखिदळत लिफ्टकडे चाललेली. त्यांच्यात खुर्ची नव्हती. डोळ्यांनी ते पाहिलं, पण डोकं पाहुण्यांत होतं.

तपासणीची मंडळी आली. कन्सल्टंट मजल्यामागून मजला दाखवत होता. दुसरा मजला आला तेव्हा तो थांबला आणि हातातल्या लेझरचा लाल ठिपका एका कोपऱ्यातल्या खोलीवर फिरवला.

"ही खोली बघा. पश्चिमेला तोंड, अख्खी काच, बाहेर पंचेचाळीस. आणि तरी सगळ्या मजल्यात सर्वांत जास्त बचत."

खोली गर्द हिरवी होती. आत तापमान लिहिलं होतं. सेटबॅकनं परवानगी दिलेल्या आकड्याच्याही वर ते गेलं होतं, ऊन काचेवर आलं होतं आणि एसी अजून झोपेतून पुरता उठला नव्हता. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकानं टाळी वाजवली.

मला ती पातेली आठवली. त्यांच्यात खुर्ची नव्हती, हे तेव्हा आठवलं. मी हातातला माइक कोणाच्या तरी हातात कोंबला आणि जिन्यानं पळत सुटले. मागून साहेब काहीतरी म्हणाले.

दार ढकललं. मी आले म्हणून दिवे लागले. या वेळी मनोहरभाऊ काही बोलले नाहीत.

डोकं एका बाजूला कललं होतं. तोंड लालभडक, कातडी कोरडी, तव्याला हात लावावा अशी. दुपट्टा कडक वाळलेला. मी हाक मारली तर डोळे उघडले आणि "पाणी भर गा ठवरे" असं काहीसं पुटपुटले. कूलरबद्दल म्हणत होते. जुन्या ऑफिसात होते ते त्या वेळी. मी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, ओरडून माणसं गोळा केली. लॉबीतून चीफ साहेब धावत आले आणि त्यांनीच खुर्चीचं एक चाक धरून ती जिन्यावरून उतरवली, लिफ्टची वाट पाहिली नाही. पाहुणे बाजूला सरकून उभे राहिले.

फोन होता जवळ, आवाजावर चालणारा. मला का केला नाही, हे मी नंतर विचारलं. म्हणाले, आज साहेबाचं मोठं काम होतं, म्हटलं कशाला खोडा घालायचा. ठवरे वाटी घेऊन येऊनच राहिला असन.

ठवरे निघाले होतेच. रसाची वाटी ताटलीनं झाकून लिफ्टपर्यंत आले होते. तिथं सिक्युरिटीच्या माणसानं अडवलं. एरवी तो डोळेझाक करायचा, पण त्या दिवशी त्याला कडक सूचना होत्या. आज नाही भाऊ, तपासणी चालू आहे, मला झापतील. ठवरे हुज्जत घालणारे नव्हेतच. बरं म्हणाले, परत गेले, वाटी कॅफेटेरियाच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि पंगतीत बसले. हे त्यांनी मला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सांगितलं. सांगताना रडत होते, मोठ्यानं, येणारेजाणारे वळून पाहत होते.

मनोहरभाऊंची बायको, ललिताताई, जरीपटक्याच्या बाजारात ब्लाउज शिवायचं छोटं दुकान चालवत. रोज सकाळी नवऱ्याला ऑफिसात सोडायचं, मग दुकान, संध्याकाळी परत घ्यायला. त्या दिवशी गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लटकत असताना त्या आल्या. कोणाला दोष दिला नाही. बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, आमचं घर पत्र्याचं. मी म्हटलं, घरी ठेवण्यापेक्षा हे तिथं थंडे राहतीन." मी त्यांचा हात धरून बसले. मला स्वतःला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नाही असं वाटत होतं.

ते वाचले. पण ताप उतरायला फार दिवस गेले, मग छातीत कफ झाला, मूत्रपिंडांवर ताण आला. घरी आले तेव्हा उजव्या हाताची ती थोडी हालचालही पूर्वीसारखी राहिली नव्हती. काडी धरवत नव्हती.

बिल्डिंगला वरचा दर्जा मिळाला. पाटी लॉबीत लागली, चकचकीत. चीफ साहेबांनी कोणत्याही मंजुरीची वाट न पाहता संपूर्ण दुसऱ्या मजल्याचे सेन्सर बदलून घेतले. स्वतः शिडीजवळ उभे राहिले. माझ्याशी त्या काळात फारसं बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "मॅडम, मी रॅम्प फार चांगला केला होता हो." मी हो म्हटलं. खरंच चांगला होता. टेबलावर खायची बंदीही उठली. हवेचे सेन्सर थोडे नरम केले, एवढंच लागत होतं. आणि मनोहरभाऊंना कायमचं घरून काम करायची परवानगी मिळाली. कार्यालयाच्या वार्षिक अंकात त्यावर एक छोटा लेखही आला, समावेशक कार्यसंस्कृती वगैरे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी त्यांच्या घरी गेले. वाटेत बाजारातल्या दुकानाचं शटर बंद दिसलं. ललिताताईंनी ते सोडलं होतं, आता त्या दिवसभर घरीच. खिडकीत पत्र्याचा कूलर, वाळ्याच्या नव्या ताट्या, आणि त्याच्या तोंडाशी मनोहरभाऊ. वाळलेले. पण मला पाहून हसले.

"ताई, मी हाव बरं का," ते म्हणाले.

नकाशे येतात का, विचारलं. म्हणाले, पहिले रोज येत होते, आता येतात केव्हा केव्हा. तोंडी सांगून जेवढं होते तेवढं करून राहिलो. मग बायकोकडे वळून म्हणाले, "पाणी भर वं ललिता, कोरडा चालून राहिला." त्या बादली घेऊन गेल्या तेव्हा ते हळू आवाजात बोलले.

"ठवरे येत नाही. बाकीचे पहिले आले, मग थांबले. तो तं एकदाही आला नाही. काहून येत नाही, मले माहीत आहे. त्याले सांगा, त्या वाटीचं मी काही विचारत नाही. नुसतं येऊन बस म्हणा. मले दिवसभर बोलाले कोणी नसते."

मी म्हटलं, सांगते.

सांगितलंही. ठवरेंनी मान खाली घातली आणि म्हणाले, जातो मॅडम, या रविवारी जातो. गेले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही. आंब्याचे दिवस आले आणि गेले. त्या सेक्शननं आमरस केला नाही.

आता मी दुसऱ्या बिल्डिंगांवर काम करते. नागपुरात त्या भराभर उभ्या राहत आहेत, सगळ्या काचेच्या, सगळ्या हुशार. टेस्टिंगला गेले की माझी एक पद्धत आहे. यादीत नाही, कोणी सांगितलेली नाही. प्रत्येक खोलीत एक खुर्ची मागवते, हात मांडीवर ठेवते आणि गप्प बसून राहते. कॉन्ट्रॅक्टरची माणसं दाराबाहेर घड्याळ बघतात, त्यांना वाटतं बाई थकली. दिवे गेले तर मी सही करत नाही. एवढंच मला त्या नोकरीत शिकायला मिळालं, आणि त्याची फी दुसऱ्यानंच भरली.

त्या जुन्या बिल्डिंगचं मेन्टेनन्सचं काम अधूनमधून अजून माझ्याकडे येतं. मी स्क्रीनवर दुसरा मजला उघडते. नवे सेन्सर उत्तम आहेत. डुलकी घेणारा माणूससुद्धा त्यांना कळतो, एकदाही चुकले नाहीत. बंदी उठली तरी दुपारी सगळे वरच जेवायला जातात, तेव्हा नकाशा सेक्शनची खोली करडी होते. मी तरीही त्या खोलीत फोन लावून पाहते. बराच वेळ वाजतो. आत खरंच कोणी नसतं.